बायलरघरातल्या शेंगा

शालूबाई कापसाच्या जिनात कामाला आली त्याच दिवशी गोजरबाईनं तिच्या हातात रिकामी पायली दिली आणि तिला वाफ आणायला पाठवलं.

"इंजनघरात जा," गोजरबाई म्हणाली, "अन् उकंडभाऊले म्हणजो, पायलीभर वाफ दे. येताना वरून पदर धरजो, नाई तं वाटंनंच उडून जाते."

शालूबाई नवखी. ती पायली घेऊन निमूट गेली. इकडं बाकीच्या बाया तोंडात पदराचे बोळे कोंबून आपापल्या रेच्यावर वाकल्या. उकंडराव बायलर सांभाळायचा. माणूस सरळ, पण हसण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. त्यानं पायली पाहिली, शालूबाईला पाहिलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं की वाफ अशी मापून देता येत नाही. ती कोंडून ठेवावी लागते, आणि थंड झाली की तिचं पुन्हा पाणी होतं. हे सगळं सांगायला त्यानं इतका वेळ घेतला, की शालूबाई परतली तेव्हा वाफेबद्दल तिला सगळ्या बायांपेक्षा जास्त कळत होतं. पुढची नवी बाई आली तेव्हा पायली शालूबाईनंच पुढं केली.

ही गोष्ट नांदुऱ्याची, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता त्या काळातली. स्टेशनापलीकडं कापसाचा जिन होता. दिवाळी झाली की गावोगावच्या बैलबंड्या कापूस भरून तिथं यायच्या. सरकी काढायच्या यंत्रांवर, म्हणजे रेच्यांवर, बाया बसायच्या. कापूस घालायचा, सरकी खाली पडायची, रुई पलीकडं जायची, आणि पुढं प्रेसमध्ये तिच्या गाठी बांधल्या जायच्या. हे सगळं चालायचं एका वाफेच्या इंजनावर. गोजरबाईचा नवरा शेषराव तिथंच बंडी हाकायचा. घरात बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं त्याचं, अशी दोघांची कधीच न ठरवलेली वाटणी होती, आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

गोजरबाईला एकच दुःख होतं. दुपारच्या सुट्टीत थंडगार भाकर खावी लागे. पौषाचा गारवा, अंगावर रुईचे तंतू, आणि हातात सकाळची वातड भाकर. बाजारात तर तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागलेले. मोताळ्याकडून वच्छलाबाई नावाची माळीण टोपल्याच्या टोपल्या घेऊन यायची. त्या शेंगा मीठ घालून उकडाव्यात आणि गरम गरम सोलत बसावं, एवढीच गोजरबाईची इच्छा. पण जिनात चूल कुठली? सगळीकडं रुई पसरलेली. एक ठिणगी पडली तर जिनाबरोबर स्टेशनही गेलं असतं.

मग तिची नजर पिंपावर गेली.

हे पिंप बायलरघराच्या मागच्या कोपऱ्यात उभं होतं. लोखंडी, माणसापेक्षा उंच. इंजनातून काम करून बाहेर पडलेली वाफ त्या पिंपात यायची. पिंपाच्या आत पितळी नळ्यांचा जुडगा होता आणि त्या नळ्यांतून विहिरीचं थंड पाणी जायचं. वाफ नळ्यांच्या बाहेर, पाणी नळ्यांच्या आत. एकमेकांना शिवायचं नाही, पण वाफेची ऊब पितळेतून पाण्यात उतरायची. उरलेली वाफ छपरावरच्या नळीतून आकाशात. तापलेलं पाणी बाजूच्या टाकीत पडायचं आणि तिथून पंप ते बायलरात ढकलायचा. आयतंच गरम पाणी मिळाल्यावर बायलरला कोळसा कमी लागायचा. हे सगळं गोजरबाईनं उकंडरावाला मोठ्या भक्तिभावानं विचारून घेतलं. कोणी इतकं मन लावून ऐकतंय म्हणून तोही खुलला होता.

"म्हणजे भाऊ," शेवटी ती म्हणाली, "झाकणबी कढत अन् टाकीतलं पाणीबी कढत?"

"हाव."

"मंग एक डबा ठेवला तं?"

उकंडरावाचा चेहरा उतरला. "बायलरघरात चूल मांडता येत नाई, गोजरबाई. कायदा हाये."

"चूल कोण मांडून राह्यलं, बाप्पा? जाळ नाई, धूर नाई. डबा ठेवाचा अन् निंगून जाचं."

तो काही ऐकेना. पण गोजरबाईला पाणवठ्यावरची एक बातमी ठाऊक होती. उकंडरावाच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, त्याच्या पित्ताचा धसका घेतला होता. घरात मिरची बंद, तेल बंद. रोज अळणी वरण आणि भाकर. गोजरबाईनं पदराखालून लालबुंद रताळी काढली आणि मिठाची पुडी त्यांच्यावर ठेवली.

"तुमच्यासाठी वेगळा डबा. सत्यभामावहिनीले कोणी सांगणार नाई."

उकंडरावानं रताळ्यांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि कायदा तिथंच विरघळला.

तेव्हापासून दोन डबे ठरून गेले. बायांच्या शेंगांचा डबा: घरून आणलेलं गोडं पाणी, मीठ, वरून घट्ट झाकण, आणि तो टाकीतल्या कढत पाण्यात उभा करायचा. उकंडरावाच्या रताळ्यांचा डबा पिंपाच्या झाकणावर, पोत्याखाली. सुट्टीचा भोंगा झाला की शालूबाई पदराआड डबा घेऊन यायची आणि गोदामाच्या मागं बाया गोल करून बसायच्या. जिनाचे मॅनेजर अर्जुनराव मोठे शिस्तीचे. बंद गळ्याचा कोट, हातात वेताची काठी, आणि तोंडात सदा एकच वाक्य: "जिन म्हणजे काही जत्रा नव्हे." त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून शेंगा आणखीच गोड लागत.

एकच गोष्ट खटकायची. डब्यातल्या मूठभर शेंगा रोज कमी व्हायच्या.

"उकंडभाऊच खात असन," शालूबाई म्हणाली.

गोजरबाईनं यावर उपाय काढला. एके दिवशी वरच्या थरावर तिनं सढळ हातानं लाल तिखट पेरलं आणि सुट्टीपर्यंत उकंडरावावर नजर ठेवली. तो आपला शांतपणे भट्टीत कोळसा टाकत होता. डोळ्यांत पाणी नाही, नाकातून पाणी नाही. त्या दिवशी अर्जुनराव मात्र हापिसात सारखे ठसकत होते. शिपायानं त्यांना पाण्याचे पेल्यावर पेले नेऊन दिले. रुई घशात गेली असेल, असं सगळे म्हणाले.

आणि मग शेंगा शिजेनाशा झाल्या.

आधी नुसत्या कडक राहिल्या. मग करकरीत. पुढं पुढं तर दाणा दाताखाली टचकन वाजायचा. बाया गोजरबाईवर चिडल्या, आणि गोजरबाई बाजाराच्या दिवशी वच्छलाबाईवर चिडली.

"काय वं, जून शेंगा देऊन राह्यली तू! शिजतच नाईत!"

"माह्या शेंगा?" वच्छलाबाई टोपल्यामागून उठून उभी राहिली. "माह्या शेंगा दोन उकळ्यांत शिजतात. तुले शिजवता येत नाई तं गोठ वेगळी."

"मले शिजवता येत नाई?"

असं बराच वेळ चाललं. आजूबाजूच्यांनी आपापली खरेदी थांबवून ते ऐकलं. शेवटी वच्छलाबाईनं यापुढं गोजरबाईला एक शेंगही द्यायची नाही असं जाहीर केलं, आणि गोजरबाईनंही त्या शेंगांना हात लावायचा नाही असं जाहीर केलं. त्या दिवसापासून शेंगा आणायचं काम शालूबाईकडं गेलं. शेंगा मात्र वच्छलाबाईच्याच.

इकडं जिनाचंही दुखणं सुरू झालं होतं. इंजन दमायला लागलं. उकंडराव घामानं निथळेपर्यंत कोळसा टाकायचा, तरी वाफेचा काटा वर चढेना. रेच्यांचे पट्टे सुस्तावले. प्रेसमध्ये गाठ दाबता दाबता इंजन थांबून विचार करायला लागायचं. भोंग्याचा तर घसाच बसला. गावातली माणसं म्हणायला लागली की जिनाला सर्दी झाली. अर्जुनराव काठी आपटत बायलरघरात आले.

"उकंडराव, झोपता का तुम्ही?"

"नाई साहेब. कोळसा दुप्पट जाऊन राह्यला, पण..."

"पण काय?"

उकंडरावानं आणखी एक फावडं कोळसा भट्टीत टाकला. साहेबासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

खामगावहून रंगराव मिस्त्री आले. मोठा जाणता माणूस. आसपासची कित्येक इंजनं त्यांच्या हातून गेलेली. त्यांनी इंजन उघडलं, पुसलं, ठोकून पाहिलं, कान लावून ऐकलं. इंजन ठणठणीत होतं. मग त्यांनी कोळसा हातात घेऊन फोडला. "कोळसा ओला हाये," ते म्हणाले. कोळसा बदलला. नवा कोळसाही तेवढाच गिळून बायलर तेवढाच थंड राहिला. रंगराव तंबाखू मळत विचार करत बसले.

त्याच दिवशी सुट्टीत उकंडराव आपला डबा घेऊन गोदामामागं आला, तसा कधी येत नसे. त्याचा चेहरा रडवेला होता. डब्यात रताळ्यांचा लगदा झालेला, आणि बुडाशी तर करपून चिकटलेला.

"गोजरबाई, रोज ठेवतो तेवढाच वेळ ठेवला. पण हे पाहा."

"अन् आमच्या शेंगा पाहा," शालूबाईनं एक शेंग फोडून त्याच्यापुढं धरली. आतला दाणा हिरवागार, शेतातून नुकताच तोडल्यासारखा.

बाया हसायला लागल्या. गोजरबाईही हसली. मग हसता हसता थांबली.

"उकंडभाऊ, तुमचा डबा वाफेवर. आमचा डबा पाण्यात. वाफेवरचं करपून राह्यलं अन् पाण्यातलं कच्चं राहून राह्यलं. म्हणजे वाफ तं तेवढीच कढत हाये. मंग तिची ऊब पाण्यात काऊन उतरून नाई राह्यली?"

उकंडरावानं वर बायलरघराच्या छपराकडं पाहिलं. नळीतून वाफेचा जाड लोट धडाधड बाहेर पडत होता. नेहमी तिथं नुसती धूसर रेघ असायची.

"खार," तो हळूच म्हणाला. "नळ्यांत खार बसला."

कारणही त्यालाच सुचलं. पूर्णा नदीच्या त्या पट्ट्यात जमिनीत खारं पाणी. जिन आधीपासून नाल्याकाठच्या गोड्या विहिरीचं पाणी वापरायचा. यंदा अर्जुनरावांनी जिनाच्या आवारातच नवी विहीर खोदून घेतली होती, कारण लांबून पाणी ओढणं त्यांना पसंत नव्हतं. पाणी भरपूर लागलं, पण जिभेवर ठेवलं तर माणूस थुंकायचा. तेच पाणी तापून तापून नळ्यांच्या आत चुन्यासारखा थर धरत होतं. पितळेवर एवढी जाड गोधडी पांघरल्यावर पाण्याला ऊब लागणार कुठून?

"मंग सांगा नं साहेबाले," गोजरबाई म्हणाली.

"कसं सांगू? साहेब इचारतीन, तुले कसं समजलं. मी काय सांगू? रताळी करपली म्हणून?" तो अगदी काकुळतीला आला. "अन् पिंप उघडाचं म्हणजे जिन बंद ठेवा लागते. पुराव्याबिगर ते हाव म्हणतीन का? पिंपाला उष्णता मापायची कांडी होती, ते बी गेल्या साली फुटली."

"मी सांगतो," गोजरबाई म्हणाली, आणि पदर खोचून निघाली. उकंडराव पाठोपाठ, आणि बाकीच्या बाया गंमत पाहायला त्याच्याही पाठोपाठ.

अर्जुनराव आणि रंगराव मिस्त्री बायलरघराच्या दारातच उभे होते.

"साहेब," गोजरबाईनं डोक्यावरचा पदर सावरला, "एक गोठ हाये. पिंपाच्या नळ्यांत खार बसला. वाफ कढत हाये, पाणी कोमट हाये."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी म्हणून राह्यली साहेब, पारख करून पाहा. एक डबा पिंपावर ठेवाचा, एक टाकीत ठेवाचा. दोन्हीत काई तरी टाकाचं. म्हणजे, असंच, समजा, तुरीच्या शेंगा. वरच्या शिजतीन, टाकीतल्या शिजणार नाईत."

"टाकीतल्या शिजत नाहीत हे खरंच आहे," अर्जुनराव विचारात पडून म्हणाले. "काही दिवसांपासून कच्च्याच असतात. आणि मीठही जरा कमीच असतं."

मागच्या बायांनी तोंडात पदराचे बोळे कोंबले.

"अन् तिखट, साहेब?" गोजरबाईनं अगदी भोळ्या आवाजात विचारलं.

"तिखट तर एकदा इतकं..." अर्जुनरावांनी तोंड मिटलं. पण उशीर झाला होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रंगराव मिस्त्रींनी तोंड वळवून तंबाखूची पिंक टाकली, आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले. शालूबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. एकटा उकंडराव हसला नाही. त्याला अजून उलगडा होत होता.

अर्जुनरावांनी काठी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मिस्त्री," ते घसा साफ करून म्हणाले, "पिंप उघडा."

जिन बंद झाला. रंगरावांनी पिंपाचे नट सोडवले, झाकण उचललं आणि नळ्यांच्या तोंडांत डोकावून शीळ घातली. जिथून अंगठा आत जायचा तिथून करंगळीही जाईना. पांढरा, करडा, दगडासारखा थर.

"घ्या! मी इंजनाची नाडी पाहून राह्यलो अन् दुखणं इथी!" ते मोकळेपणानं म्हणाले आणि सळ्या मागवल्या.

सळईनं खार निघेना. जोरानं ठोकावं तर पितळी नळी फाटायची भीती. तेव्हा गोजरबाईला पुन्हा स्फुरण चढलं. मघाच्या विजयानंतर तिला आज आपलं काहीच चुकणार नाही असं वाटायला लागलं होतं.

"चिंच!" ती म्हणाली. "तपेल्याच्या बुडाले खार बसते तेव्हा आपण चिंचच लावतो नं? ह्या नळ्यांलेबी तेच."

रंगरावांनी मान डोलावली. गोष्ट पटण्यासारखी होती. बायांनी घराघरांतून जुनी काळी चिंच आणली. ती गरम पाण्यात कालवली, नळ्यांची खालची तोंडं चिंध्यांनी बंद केली आणि वरून कोळ ओतला. आत फसफस सुरू झाली. गोजरबाईनं सगळ्यांकडं असं पाहिलं की जणू इंजनाचा शोध तिनंच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंध्या काढल्या. वरवरचा थर मऊ पडला होता, हे खरं. पण कालवायच्या घाईत चिंच गाळायची कोणालाच सुचली नव्हती. शिरा आणि चिंचोके नळ्यांत जाऊन असे बसले होते, की काल निदान काडीपुरती वाट होती, आज तीही बुजली.

रंगरावांनी सळईच्या टोकानं एक चिंचोका उकरून बाहेर काढला, तळहातावर ठेवला आणि गोजरबाईपुढं धरला.

"गोजरबाई, आता मी खार काढू का चिंचोके?"

या वेळी सगळे तिच्यावर हसले, अर्जुनराव सगळ्यांत जास्त. तिलाही कालचा हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं; तिनं हात जोडले आणि सळई मागून घेतली. रंगरावांनी सळ्यांच्या टोकांना करवतीसारखे दाते पाडले आणि त्या फिरवत फिरवत आत कशा घालायच्या ते दाखवलं. मऊ पडलेला थर तेवढा लवकर सुटला. खालचा मात्र कण कण खरवडावा लागला. बाया पाळीपाळीनं सळ्या फिरवत होत्या. चिंचोके, शिरा, खाराचे पापुद्रे, सगळं घमेल्यांतून बाहेर निघालं. उकंडराव शेवटी प्रत्येक नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते डोळा लावून पाहत होता, आणि एकही नळी त्यानं तशी सोडली नाही.

पिंप बंद झालं, भट्टी पेटली, पाणी नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचं सुरू झालं. वाफेचा काटा सरसर चढला. उकंडरावानं भोंग्याची साखळी ओढली तेव्हा तो इतक्या दिवसांनी असा मोकळ्या गळ्यानं ओरडला, की फाटकात उभ्या असलेल्या शेषरावाचे बैल बुजले आणि कापसासकट बंडी थेट स्टेशनापर्यंत गेली. शेषराव परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "वाजला वाटते."

अर्जुनरावांनी बायलरघराच्या दारावर पाटी रंगवून घेतली: आत अन्न शिजवण्यास सक्त मनाई आहे. पाटीवर त्यांची सही होती. मग टाकीच्या पाण्याची एक तोटी भिंतीतून बाहेरच्या बाजूला काढायला त्यांनी रंगरावांना सांगितलं, आणि कशासाठी ते काही सांगितलं नाही. बायांनीही विचारलं नाही. तोटीखालच्या कढत पाण्यात ठेवलेल्या डब्यातल्या शेंगा शिजून निघाल्या की पहिली मूठ पळसाच्या पानात घालून हापिसाच्या खिडकीत ठेवली जायची. थोड्या वेळानं तिथं नुसत्या साली असायच्या. उकंडरावाच्या रताळ्यांची बातमी मात्र सत्यभामाबाईपर्यंत पोचलीच, आणि तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं की मीठ नीट लागायचं का.

राहता राहिली वच्छलाबाई.

बाजाराच्या दिवशी गोजरबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. वच्छलाबाईनं मान दुसरीकडं वळवली.

"वच्छलाबाई, शेंगा तुह्या चांगल्या होत्या. आमचं पाणीच थंड होतं."

"मले ऐकू नाई आलं."

गोजरबाईनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"त्या दिशी तू साऱ्या बाजारात बोलली," वच्छलाबाई म्हणाली. "आता मलेच सांगून काय उपेग? बस इथी. साऱ्या बाजाराले सांग."

गोजरबाईनं पदर खोचला, टोपल्याशेजारी फतकल मारली आणि तोंड उघडलं. जिनाच्या धडधडीवरून हाका मारायची सवय झालेला तो आवाज बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला गेला.

"या बाप्पा या! वच्छलाबाईच्या शेंगा! दोन उकळ्यांत शिजतात! कच्च्या राहिल्या तं तुमची चूल थंडी, शेंगांचा दोष नाई! या माय, या!"

लोक थांबले. मग हसले. मग घ्यायला लागले. शेषराव बंडी घेऊन तिला न्यायला आला तेव्हा पहिलं टोपलं रिकामं झालं होतं आणि दुसऱ्याभोवती गर्दी होती.

"चल," तो म्हणाला.

"कायले?" वच्छलाबाई तागडी उचलत म्हणाली. "गोजरबाई नाई येत आता. तुमीच बैल सोडा अन् बसा. शेंगा सोला."

शेषरावानं बैल सोडले, त्यांच्यापुढं कडबा टाकला आणि मुकाट्यानं शेंगा सोलायला बसला.